मॅक्युलर डिजनरेशन आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा : ऑक्सिजन नेमका कुठे बिघडवतो?

“डोळ्याचा पडदा झिजत चाललाय” एवढं एकच वाक्य दवाखान्यातून घरी येतं. मग कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि सांगतं, हे सगळं ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे होतं, अँटिऑक्सिडंटची गोळी सुरू करा. यातलं पहिलं वाक्य खोटं नाही. घोळ दुसऱ्यात आहे. पडद्याची झीज म्हणजे एकच आजार नव्हे, आणि ज्या दोन आजारांची इथे सर्रास गल्लत होते त्यांत ऑक्सिजनची भूमिका अगदी वेगवेगळी आहे.

पहिला आजार म्हणजे वयामुळे होणारं मॅक्युलर डिजनरेशन, डॉक्टरांच्या बोलीत एएमडी. यात नजरेचा मधला भाग जातो. समोरच्या माणसाचे केस, कान, शर्ट दिसतो, चेहरा मात्र पुसल्यासारखा. आजाराचा ओला (पडद्याखालच्या नव्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणारा) प्रकार असेल तर फरशीच्या दोन लाद्यांमधली सरळ रेघ मध्येच वाकडी दिसू लागते. दुसरा रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी. त्यात उलटं घडतं : आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडा आत सरकू लागतात. असा माणूस औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवतो आणि उठताना शेजारच्याच स्टुलाला अडखळतो. घरच्यांना वाटतं, याचं लक्ष नाही.

लक्षणं इतकी वेगळी, तरी गल्लत का होते? कारण एएमडीतही सुरुवातीला अंधाराशी जुळवून घ्यायला डोळ्याला वेळ लागू लागतो. “रात्री कमी दिसतं” ही तक्रार दोघांचीही असू शकते. आरपी बहुधा तरुणपणी उघड होतो आणि एएमडी पन्नाशीनंतर, पण यालाही अपवाद असतात.

आता ऑक्सिडेटिव्ह ताणाकडे वळू. या ताणाचा मनावरच्या ताणाशी काही संबंध नाही. मराठीत शब्द एकच पडल्यामुळे उगाच घोटाळा होतो. पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा त्यातला थोडा अर्धवट, आक्रमक रूपात निसटतो. ही रूपं आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवरण्याची पेशीची ताकद कमी पडली की मोडतोड सुरू होते. पडद्यात या मोडतोडीला लागणारं सगळं सामान एकाच जागी असतं. वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरातल्या सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. त्यावर दिवसभर प्रकाश एकवटत असतो. आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींची पटलं डीएचए नावाच्या स्निग्धाम्लाने भरलेली असतात. डीएचएच्या साखळीत 6 दुहेरी बंध असतात, म्हणून ते झटकन ऑक्सिडाइज होतं. उघडं राहिलेलं तेल खवट होतं, तीच ही रासायनिक क्रिया. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि ही साखळी पुढे चालत राहते.

एएमडीत हे खवटपण कुठे साचतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागे काळपट पेशींचा एकेरी थर असतो, त्याला आरपीई म्हणतात (हे थराचं नाव, आरपी या आजाराचं नव्हे). प्रकाश टिपणाऱ्या पेशीच्या टोकाला नाण्यांच्या चळतीसारख्या चकत्या असतात. दर दिवशी या चळतीचा सुमारे दहावा भाग टोकाकडून गळून पडतो आणि मुळाशी तेवढ्याच नव्या चकत्या तयार होतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या : अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी, आणि भर उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी. दंडपेशींची ही गळती मुख्यतः सकाळी, उजेड झाल्यावर होते. गळालेला माल आरपीईची पेशी गिळते आणि पचवते. अशा एका पेशीच्या वाट्याला साधारण 30 दंडपेशी-शंकुपेशी येतात, आणि ती स्वतः सहसा विभागत नाही. म्हणजे सत्तरीतल्या माणसाच्या डोळ्यात तीच पेशी सत्तर वर्षं रोज हे काम करत आलेली असते.

सगळं काही पचत नाही. उरलेला गाळ लायपोफसिन म्हणून पेशीतच साठतो. त्यावर निळा प्रकाश पडला की तो स्वतःच ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करू लागतो, म्हणजे कचराच पुढच्या बिघाडाचा कारखाना होतो. पेशीच्या खाली ड्रूसेन नावाचे पिवळसर ठिपके जमतात. आरपीई थकली की तिच्यावर विसंबून असलेल्या पेशी जातात.

ऑक्सिजन एकटा दोषी नाही. रोगप्रतिकार यंत्रणेतल्या ‘कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच’ या जनुकाचा एएमडीशी असलेला संबंध 2005 मध्ये उघड झाला. धूम्रपान मात्र टाळता येण्याजोग्या कारणांत सर्वांत वर आहे, आणि सिगारेटचा धूर म्हणजे ऑक्सिडंटांचा थेट पुरवठाच.

आरपीची गोष्ट जनुकापासून सुरू होते. 1990 मध्ये सापडलेलं उदाहरण घ्या : ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनात 23 व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन हे दुसरं बसलं. एवढ्याशा फरकाने प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि दंडपेशी मरतात. इथवर समजायला सोपं आहे. पण ऱ्होडॉप्सिन फक्त दंडपेशींत असतं. शंकुपेशींत तो दोष नाही, तरी काही वर्षांनी त्याही जातात, आणि माणसाचं वाचन, रंग, चेहरे हरवतात ते तेव्हा. निर्दोष शंकुपेशी का मराव्यात? या आजारातला सर्वांत चटका लावणारा प्रश्न मला हाच वाटतो.

एक उत्तर ऑक्सिजनच्या हिशेबात आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींपैकी सुमारे 95 टक्के दंडपेशी, आणि पडद्याच्या बाहेरच्या भागात येणारा बहुतेक ऑक्सिजन त्याच संपवतात. हा पुरवठा मागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातून होतो, आणि मागणी घटली म्हणून कोरॉइड आपला प्रवाह फारसा आवरत नाही. वीस नळांच्या पाइपातले एकोणीस नळ बंद झाले, पंप मात्र त्याच जोरात चालू राहिला, असं समजा. सगळा दाब विसाव्या नळावर येतो. दंडपेशी गेल्यावर उरलेल्या शंकुपेशी अशा ऑक्सिजनच्या पुरात सापडतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या पीटर कॅम्पोचियारो यांच्या गटाने 2005 च्या सुमारास हे नुकसान प्राण्यांच्या पडद्यात दाखवलं. 2006 मध्ये त्यांनी आजारी उंदरांना अँटिऑक्सिडंटांचं मिश्रण दिलं, तर शंकुपेशी मरण्याचं प्रमाण कमी झालं. याशिवाय दंडपेशींकडून मिळणारा पोषक घटक बंद होणं, ग्लुकोजची उपासमार, अशी कारणंही पुढे आली आहेत. ती एकमेकांना खोडतात असं नाही.

थोडक्यात, एएमडीत ऑक्सिडेटिव्ह ताण सुरुवातीपासून साचत जातो, तर आरपीत तो दुसऱ्या अंकात येतो. पहिला अंक जनुकाचा.

गोळ्यांच्या बाबतीत हा फरक महागात पडू शकतो. एएमडीसाठीच्या ‘अरेड्स’ या मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2001 मध्ये आले : क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं यांच्या मिश्रणामुळे मध्यम टप्प्यातल्या रुग्णांचा आजार पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता 5 वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी घटली. आजार होऊच नये म्हणून घेण्याची ती गोळी नाही. 2013 च्या दुसऱ्या चाचणीनंतर बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झियाझँथिन घातलं गेलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता.

त्या मिश्रणात ई जीवनसत्त्व होतं रोज 400 युनिट. आणि आरपीच्या रुग्णांवरच्या 1993 च्या चाचणीत नेमक्या 400 युनिट ई जीवनसत्त्वाने पडद्याचा प्रकाशाला मिळणारा विद्युत प्रतिसाद जास्त वेगाने घसरल्याचं दिसलं होतं. म्हणून आजोबांची एएमडीची बाटली आरपी असलेल्या नातवाला परस्पर देऊ नये. त्याच चाचणीत अ जीवनसत्त्वाचा फायदा दिसला होता, पण पुढे त्यावर शंका घेतल्या गेल्या. स्टारगार्ट या पडद्याच्या तिसऱ्याच, आनुवंशिक आजारात तर जादा अ जीवनसत्त्व टाळायलाच सांगतात, कारण त्यातूनच आरपीईमधला विषारी गाळ वाढतो.

आरपीसाठी सध्या नजर आहे ती एन-ॲसिटिलसिस्टीनवर. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर डॉक्टर देतात तेच हे औषध. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 रुग्णांना ते 24 आठवडे दिलं, आणि मधल्या नजरेत थोडी सुधारणा दिसली. मात्र तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट तिथे नव्हता, त्यामुळे पुढे मोठी, तुलनात्मक चाचणी हाती घेण्यात आली. औषध चाललं तरी जनुकाचा दोष तसाच राहील आणि गेलेल्या दंडपेशी परत येणार नाहीत. रात्रीची नजर त्यातून मिळणार नाही. मिळाली तर उरलेल्या शंकुपेशींना काही वर्षांची मुदत.