झोपेची गोळी आणि नैराश्याची गोळी: गल्लत कुठं होते?

‘करमना, झोप येईना, छातीत धडधड होती’ असं सांगत माणूस दवाखान्यात जातो आणि बऱ्याचदा दोन प्रकारची औषधं घेऊन परततो. घरात मात्र दोन्हींना एकच नाव पडतं, ‘झोपेची गोळी’. मग ज्या गोळीनं आजार उतरायचा ती १० दिवसांत बंद होते, आणि जी दोन-चार आठवड्यांपुरती होती ती वर्षानुवर्षं चालते. नेमकं उलटं.

नैराश्याची गोळी म्हणजे एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी औषधं. घेतली त्या रात्री तिनं काहीच वाटत नाही. फरक दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, पुरता गुण यायला ६ ते ८. त्रास मात्र आधी येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी अस्वस्थपणा होतो. ‘गोळी मानवली नाही’ म्हणून लोक इथंच सोडतात. जेवणानंतर घेतली आणि डॉक्टरांनी अर्ध्या मात्रेनं सुरुवात केली, जसं एस्सिटालोप्रॅम १० ऐवजी ५ मिलिग्रॅम, तर हा काळ बहुतेकांना निभावतो. लैंगिक इच्छा कमी होणं हाही खरा दुष्परिणाम आहे. लाजून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं, औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण या काळात काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, न झोपता भरमसाट बोलण्या-खर्चण्याचा काळ येऊन गेला असेल तर तेही आधीच सांगावं, तिथं उपचार वेगळा लागतो.

बरं वाटल्यावरही ही गोळी किमान ६ महिने चालू ठेवावी लागते. तिची नशा होत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात, म्हणून हळूहळू उतरवायची.

झोपेची किंवा शांत करणारी गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. तासाभरात धडधड थांबते, डोळा लागतो, म्हणून भरवसा हिच्यावरच बसतो. पण ती नैराश्याला हात लावत नाही. काही आठवड्यांत शरीर सरावतं, मग अर्धीची एक होते, एकीच्या दोन. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात आणि खुब्याचं हाड मोडून बसतात. महिनोनमहिने घेतलेली ही गोळी एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते. अल्प्राझोलामची चिठ्ठी मेडिकलवाल्यानं वहीत नोंदवायची असते, ती याच जोखमीमुळं.

सगळ्यात मोठा घोळ जोडगोळीचा. एस्सिटालोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत सर्रास मिळतात. पाकिटाची मागची बाजू वाचा. दोन नावं असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा: यातली झोपेची किती दिवस, आणि ती वेगळी करून कमी कशी करायची? अशी गोळी अचानक सोडली की दोन्ही औषधं एकदम तुटतात.

आता बिनगोळीचा उपचार. ‘मन घट्ट कर, देवाला जाऊन ये’ हा सल्ला झाला, उपचार नव्हे. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि कृतीचं वेळापत्रक यांनी सुरुवात करणं शास्त्राला धरूनच आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तर डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत याच पद्धतीनं तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही गुण आणून दाखवला. रीत अशी: वहीत रोज दोनच कामं लिहायची, एक गरजेचं, एक पूर्वी आवडणारं. वेळ ठरवायची. काम इतकं लहान हवं की मन नसतानाही होईल. ‘सगळी तूर खुरपून काढीन’ असं लिहिलं की ते होत नाही आणि अपराधी वाटणं वाढतं. ‘सातला बांधापर्यंत चालत जाऊन येईन’ हे होतं. झाल्यावर मनाला ० ते १० गुण द्यायचे. मन लागेल तेव्हा काम करू, हा क्रम नैराश्यात चालत नाही; आधी काम, मग मन.

जेवण सुटलं, कानात आवाज येऊ लागले, मरणाचं बोलणं सुरू झालं, तर नुसत्या वहीवर थांबू नये. तिथं गोळी हवी, तीही समुपदेशनासोबत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, मोठ्या उपचारासाठी संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत मराठीत बोलता येतं. अशा दिवसांत गोळ्यांचा डबा घरातल्या दुसऱ्या माणसाकडं द्या, रोजची मात्रा त्यानंच हातात द्यावी. फवारणीचं औषध शेतातल्या कोठ्यात ठेवू नका. कुलपात, शक्यतो भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवा.