तरंगते घर

तरंगते घर : पाण्यावर कायम मुक्कामासाठी बांधलेले, पाणी चढेल-उतरेल तसे वरखाली होणारे, पण जागेवरून वाहून न जाणारे घर. काश्मीरमधील हाउसबोटी आणि केरळातील केट्टुवळ्ळम नावाच्या होड्या मुळात नावेच्या आकाराच्या आहेत. मणिपूरच्या लोकताक सरोवरात फुमदी नावाच्या तरंगत्या वनस्पतिथरावर झोपड्या उभ्या असतात. आधुनिक तरंगत्या घराची रचना वेगळी आहे. खाली काँक्रीटची पोकळ पेटी आणि वर नेहमीसारखे दोन-तीन मजली घर, असे त्याचे रूप असते.

यामागचे तत्त्व सांगली परिसराला परके नाही. गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, नदीत सोडून तिच्यातून माणसे पैलतीरी नेणे इथे अनेकांनी पाहिले आहे. काहील धातूची असूनही तरते, कारण तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या आणि आतल्या माणसांच्या वजनाइतके असते. घराचे गणितही हेच. १० मीटर लांब व ६ मीटर रुंद पेटी १ सेंटिमीटर बुडाली की सुमारे ६०० किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे संसार ६०० किलोंनी वाढला की घर तेवढेच, सेंटिमीटरभर, खाली जाते. खरी काळजी वजन कुठे ठेवले याची असते. धान्याची पोती आणि पुस्तकांची कपाटे एकाच भिंतीला लावली तर घर कलते. गच्चीवर पाण्याची टाकी बसवण्याची आपली सवय तर इथे सर्वांत घातक, कारण तिच्यामुळे गुरुत्वमध्य (वजनाचा मध्यबिंदू) वर जातो आणि घर कलंडण्याची भीती वाढते. म्हणून जड सामान आणि पुष्कळदा निजायच्या खोल्याही पाण्याखालच्या पेटीत असतात.

ॲमस्टरडॅमच्या आयबर्ख भागात अशा घरांची वसाहत आहे. ही घरे दूरच्या कारखान्यात बांधून कालव्यांतून ओढत आणली गेली आणि पोलादी खांबांना अडकवली गेली. खांबांमुळे ती वरखाली होतात, पण हलत नाहीत. नेदरलँड्समधीलच मासबोमेल येथे मास नदीकाठी उभयचर घरे आहेत. एरवी ती जमिनीवर टेकलेली असतात आणि पूर आला की साडेपाच मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १८ फूट, वर उचलली जाऊ शकतात.

सांगलीच्या वाचकाला हा आकडा थांबवतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. इशाऱ्यापासून शिखरापर्यंतची ही चढ मासबोमेलच्या घरांच्या आवाक्यात बसते. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांत गाळ उपसलेल्या, भिजलेली गादी आणि मुलांची वह्या-पुस्तके रस्त्यावर टाकलेल्या कुटुंबाला आपोआप उचलले जाणारे घर हवेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. या कल्पनेला स्वप्नाळू म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

तरीही तिची उणीव नेमकी इथेच दिसते. घर वर आले तरी गोठा खालीच राहतो. म्हैस, ऊस, दुकानातला माल, रस्ता, विजेची डीपी, काहीच तरंगत नाही. आठवडाभर पाणी हटले नाही, तर माणसे कोरड्या घरात अडकून पडतात, आणि आजारी माणसाला बाहेर काढायला पुन्हा बोटच लागते. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून किती घरे उजाड झाली, हे पलूस तालुका विसरलेला नाही. शिवाय पुराबरोबर ओंडके येतात, मुळासकट उपटलेली झाडे येतात. त्यांचा मार खांब आणि पेटी यांना सोसावा लागतो. सांडपाण्याची लवचीक नळी फुटली तर ते पाणी त्याच कृष्णेत जाते, जिचे पाणी सांगली-मिरज पिते.

सातारा जिल्ह्यात मोह वेगळा आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा, बामणोली इथे पहाटे पाण्यावर धुके उतरले की इथेच तरंगत राहावे असे कुणालाही वाटेल. पण हे पाणी स्थिर नाही. पावसाळ्याअखेर तुडुंब भरलेला जलाशय वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडल्याने उन्हाळ्यात खोल उतरतो आणि काठ उघडे पडतात. काठाला बांधलेले घर उतारावरच्या चिखलात तिरके टेकेल. मध्यावर ठेवावे तर पाणी, वीज आणि किनाऱ्याची वाट रोज पातळीबरोबर हलवावी लागेल. पाऊस-वाऱ्याचा माराही कमी नाही. नायजेरियातील लागोसच्या माकोको वस्तीत गाजलेली तरंगती शाळा २०१६ च्या जोरदार पावसात कोसळली होती.

आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. शिवसागराच्या तळाशी गावे आहेत. त्या गावांतली माणसे धरणासाठी विस्थापित झाली; अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. त्या पाण्यावर उद्या तरंगती घरे आली, तर तिथे राहण्याचा पहिला हक्क आणि त्यातून मिळणारा रोजगार याच काठच्या लोकांचा असला पाहिजे.