पोतं पन्नासचं, उत्तर आठचं

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डात सगळ्यांचे डोळे सौद्याकडे असतात. माझे हमालांच्या पाठीकडे जातात. खोड जुनी आहे. माणसाचं शरीर आणि त्याचं काम यांचा मेळ कसा बसतो, हे पाहणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. आपल्याकडे ते 'ऑफिसची महागडी खुर्ची' एवढ्यावरच अडकलंय.

पन्नास किलोचं पोतं जमिनीवरून उचलायचंय, असं समजा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं 1991 सालचं एक सूत्र आहे. ते 23 किलोपासून सुरू होतं. परिस्थिती अगदी सोयीची असेल तर दोन्ही हातांनी एवढं वजन उचलायला हरकत नाही, असं ते मानतं. मग एकेक अडचण धरून कपात होत जाते. पोतं अंगालगत नाही, हात घोट्यांपासून 40 सेंटीमीटर पुढे आहेत, म्हणून उरले 14.4. हात जमिनीपासून जेमतेम 15 सेंटीमीटरवर, म्हणून 11.8. तिथून 135 सेंटीमीटरपर्यंत वर न्यायचं, 10.1. उचलताना 45 अंश वळायचं, 8.7. धरायला मूठ नाही, 7.8. तेही अधूनमधून उचललं तर. मिनिटाला चार वेळा, दिवसभर उचलायचं म्हटलं तर यातलंही निम्म्याहून जास्त जातं.

म्हणजे उत्तर आठ किलो आणि पोतं पन्नासचं.

एवढी कपात का? कमरेच्या मणक्यामागचे स्नायू मणक्यापासून साधारण 5 सेंटीमीटरवर ओढतात आणि ओझं असतं 40 सेंटीमीटर पुढे. तरफेचा साधा हिशेब आहे. पुढच्या प्रत्येक किलोमागे मागच्या स्नायूंना आठ किलोचा ताण द्यावा लागतो. अर्धं पोतं, 25 किलो, धरलं तरी 200 किलोचा ताण. त्यात वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. हा सगळा दाब सर्वांत खालच्या मणक्याजवळच्या चकतीवर येतो. नायॉशने तिथे 3400 न्यूटनची, म्हणजे सुमारे 350 किलो भाराएवढी मर्यादा धरली आहे.

इथवरचं गणित मोबाइलवरही होतं. खरा जाणकार मात्र यार्डात पाच मिनिटं उभा राहून म्हणेल की हे सूत्र इथे पुरतं लागूच होत नाही. कारण दोघं मिळून पोतं तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात आणि तो ते वाहून नेतो. सूत्र आहे एकट्याने, दोन्ही हातांनी उचलण्यासाठी. वाहून नेण्यासाठी ते नाहीच. कुठलं माप कुठे चालत नाही हे कळणं, माझ्या मते या विद्येचा अर्धा भाग आहे.

म्हणून तर प्रमाणपत्राची भानगड. डॉक्टर किंवा सीए या पदव्यांना आपल्याकडे कायद्याचं कुंपण आहे, तसं अर्गोनॉमिस्टला नाही. दोन दिवसांची कार्यशाळा करून कोणीही पाटी लावू शकतो. अमेरिकेत 1990 पासून एक प्रमाणन मंडळ आहे. त्याचं 'सीपीई' (सर्टिफाइड प्रोफेशनल अर्गोनॉमिस्ट) हे प्रमाणपत्र मिळवायला पदव्युत्तर पातळीचं शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि वर परीक्षा लागते. ब्रिटन आणि युरोपचीही आपापली नोंदणी आहे. अभ्यासाला शरीररचना, शरीराची मापं, यंत्रशास्त्र, संख्याशास्त्र तर आलंच. शिवाय मन कसं चालतं तेही लागतं: नजर कुठे जाते, घाईत हात चुकीच्या बटणावर का पडतो. आणि कामाची रचना, म्हणजे पाळ्या, विश्रांती, मजुरीची पद्धत.

हा शेवटचा विषय मला यार्डातल्या एका हमालमामांनी शिकवला. मी शहाणपणाने म्हटलं, "मामा, कमरेत वाकू नका. गुडघ्यात बसा, मग उचला."

"साहेब, हमाली पोत्यावर मिळती, बैठकांवर न्हाई," मामा म्हणाले. "तुम्ही सांगताय तसं पन्नास पोती उचला बघू."

मी गप्प बसलो. मामांचं म्हणणं शास्त्राच्या विरुद्धही नव्हतं. बरेच अभ्यास एकत्र तपासल्यावर असंच दिसलंय की 'असं उचला, तसं उचला' एवढं शिकवून कंबरदुखी टळत नाही. काम बदलावं लागतं, म्हणजे पोत्याचं वजन, थप्पीची उंची, चालायचं अंतर. गुडघे वाकवा असे फलक भिंतीवर लावणं फार स्वस्त पडतं, म्हणून ते सगळीकडे दिसतात.

मग विचारलं, तुमच्या हातात असतं तर काय बदललं असतं? मामांनी क्षणभरही विचार केला नाही. समोर उभ्या ट्रकच्या फाळक्याकडे आणि त्याच्याखाली फूटभर राहिलेल्या फलाटाकडे बोट दाखवलं. "हे दोन्ही एका लेव्हलला आणा. निम्मी कंबर तिथंच वाचती."

आणि पुढचं पोतं घ्यायला वळले.