तैवानी लघुखाद्ये

तैवानी लघुखाद्ये : (श्याओ-छ). रस्त्यावरच्या गाड्यावर, देवळापुढच्या बाजारात किंवा एकाच पदार्थावर चालणाऱ्या लहानशा दुकानात वाटी-बशीने मिळणारे तैवानी खाणे. मँडरिनमधील ‘श्याओ-छ’ या नावाचा अर्थ ‘छोटे खाणे’. एका जागी पोटभर जेवण्यापेक्षा चार ठिकाणी थोडे थोडे खात हिंडावे, अशी त्यामागची रीत. रात्रीचे बाजार (ये-श) हे त्याचे मुख्य ठिकाण. तैपेईतील शलिन, राओह व निंगश्या, ताइचुंगमधील फंगच्या आणि काओशुंगमधील ल्यौह हे बाजार प्रवाशांना विशेष परिचित आहेत. जुने बाजार बहुधा देवळांच्या आवारालगत वाढले. कीलुंगच्या बाजाराचे म्याओ-खोउ हे नावच ‘देवळाचे तोंड’ असे आहे.

या खाण्याचा पाया मुख्यतः फूच्येन प्रांतातून आलेल्या हॉक्येन भाषकांचा. त्यावर जपानी राजवटीचा (१८९५–१९४५) आणि पुढे १९४९ च्या सुमारास मुख्य भूमीवरून आलेल्या सैनिक-निर्वासितांचा थर चढला. पदार्थांच्या उगमाविषयीचे बरेच वाद या थरांच्या सांध्यावर उभे आहेत.

लू-रौ-फान : सोया सॉसमध्ये मंद आचेवर मुरवलेले, चरबीसह बारीक चिरलेले डुकराचे मांस गरम भातावर घालून देतात. बेटाच्या दक्षिण भागात याच पदार्थाला ‘बा-सो’ भात म्हणतात. तेथे लू-रौ-फान मागितल्यास मांसाचा अख्खा तुकडा ठेवलेला भात समोर येऊ शकतो. नावातील ‘लू’ या अक्षराचा वाद बराच गाजला. अनेक पाट्यांवर शान्तुंग प्रांताचे संक्षिप्त नाव असलेले ‘लू’ हे चिन्ह लिहिलेले असते. त्यावरून हा भात शान्तुंगचा असल्याचे मिशलँच्या एका प्रवासमार्गदर्शिकेत छापले गेले आणि २०११ मध्ये तैपेईच्या महापालिकेने त्याला जाहीर आक्षेप घेतला. मसालेदार खारट रसात शिजवणे या अर्थाचे ‘लू’ हे वेगळे चिन्ह आहे. दोहोंचा उच्चार एकच असल्याने सोपे चिन्ह पाट्यांवर रूढ झाले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. शान्तुंगमध्ये या भाताची परंपरा दाखवता येत नाही, ही गोष्टही त्याला पोषक आहे.

न्यू-रौ-म्येन : गोमांस व गव्हाच्या नूडल्सचे तांबडे, तिखटसर सूप. शेतीत राबणाऱ्या जनावराचे मांस खाणे कृतघ्नपणाचे, अशी तैवानी शेतकऱ्यांची जुनी धारणा होती आणि काही जुन्या घरांत ती अजून पाळली जाते. त्यामुळे हा पदार्थ १९४९ नंतरचा मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. पाट्यांवर त्याला ‘सिच्वान चवीचा’ म्हणतात. मात्र नेमका असा पदार्थ सिच्वानमध्ये आढळत नाही. इतिहासकार लू याओ-तुंग यांच्या अनुमानानुसार काओशुंगजवळील कांगशान येथे सिच्वानहून आलेल्या हवाई दलाच्या कुटुंबांनी बाकल्याच्या दाण्यांची तिखट आंबवण (तोउ-पान-च्यांग) तयार केली व तिच्यातून या सुपाची चव घडली. हे अनुमान सिद्ध झालेले नाही. तरी कांगशानची ही आंबवण आजही प्रसिद्ध असल्याने ते सहज बाजूला सारता येत नाही. अमेरिकी मदतीच्या काळात (१९५१–६५) गव्हाचे पीठ मुबलक झाले, हे दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे समजावे.

ओ-आ-च्येन : लहान कालवे, अंडे, पालेभाजी आणि रताळ्याच्या सत्त्वाची खळ तव्यावर एकत्र परतून वर गोडसर तांबडी चटणी ओततात. चिनी सेनानी चंग छंग-कुंग (कोक्सिंगा) याने १६६१ मध्ये ताइनानजवळील डच किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा तांदूळ संपल्याने सैनिकांनी हा पदार्थ केला, अशी आख्यायिका आहे. याच जातीचे पदार्थ समोरच्या फूच्येन व छाओचौ किनाऱ्यावरही असल्याने ती शब्दशः घेता येत नाही. खळीमुळे येणाऱ्या लवचीक, किंचित चिवट पोताला तैवानी लोक ‘क्यू’ म्हणतात. परक्या माणसाला हा पोत प्रथम कच्चा वाटतो, पण तैवानी जिभेची ती मोठी कसोटी आहे.

ता-आ-मी : ताइनानच्या या नूडल्सच्या नावातील ‘ता’ म्हणजे खांद्यावरची कावड. वादळी महिन्यांत होडी समुद्रात नेता येत नसे. त्या मंदीच्या दिवसांत एका कोळ्याने १८९५ च्या सुमारास कावडीतून हे विकायला सुरुवात केली, असे परंपरा सांगते. वाटी मुद्दाम लहान असते : थोडा मांसाचा खिमा, एक कोळंबी, पातळ रस.

आययू : वड, उंबर यांच्याच फायकस प्रजातीतील एका वेलीच्या फळांपासून होणारी थंडगार जेली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो यांनी १९०४ मध्ये या वेलीचे शास्त्रीय वर्णन केले. वाळवलेल्या मादी फळांतील बिया फडक्यात बांधून गार पाण्यात चोळतात. बियांवरील पेक्टिन पाण्यात उतरते, बियांतलेच विकर त्याचे रूप बदलते आणि पाण्यातील कॅल्शियम त्याला बांधते. त्यामुळे विस्तव न लावता, काही मिनिटांतच जेली जमते. ऊर्ध्वपातित पाण्यात ती नीट धरत नाही. हाताला किंवा भांड्याला तेलकटपणा असल्यासही बिघडते. पुढे ती हळूहळू पाणी सोडत विरते, म्हणून ताजीच खावी. सोबत लिंबाचा रस व मध किंवा साखरेचा पाक देतात. आययू हे एका विक्रेत्याच्या मुलीचे नाव होते, ही कथा इतिहासकार ल्येन हंग (१८७८–१९३६) यांनी नोंदवली आहे.

मोत्यांचा दुधी चहा (चन-चू नाय-छा) १९८० नंतरच्या दशकातला. ताइचुंगचे छुन श्वेइ थांग आणि ताइनानचे हानलिन या दोन चहागृहांचा जनकत्वाचा वाद सुमारे दहा वर्षे न्यायालयात चालला व २०१९ मध्ये निकाल न देताच मिटला : हे पेय कोणीही करू शकतो, तेव्हा ते प्रथम कोणी केले हे ठरवण्याची गरज नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यातील ‘मोती’ कसाव्याच्या सत्त्वाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच द्रव्याचे; फक्त आकाराने मोठे आणि पाकात मुरवून काळसर केलेले.

आंबवणीच्या खारात मुरवलेला उग्र वासाचा टोफू तळून, कोबीच्या लोणच्यासह खातात. वासाच्या मानाने चव सौम्य असते. राओह बाजारातील मिरीचे पाव (हू-च्याओ-पिंग) फूचौहून आले. मांस व कांद्याची पात भरलेले हे गोळे मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला तंदुरी रोटीसारखे चिकटवून भाजतात. डोंगराळ भागातील आदिवासी जमातींच्या खाण्यात पानात बांधून शिजवलेली भरडधान्ये व ‘माकाओ’ ही रानमिरी उल्लेखनीय आहे.

शाकाहारी प्रवाशाने ‘सू’ हे चिन्ह ओळखावे. बौद्ध परंपरेमुळे अशा भोजनगृहांची तैवानात वाण नाही व पाटीवर बहुधा स्वस्तिकही असते. कडक ‘सू’ जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. पाकिटांवर अंडे, दूध आणि कांदा-लसूण यांनुसार वेगवेगळे वर्ग छापलेले असतात. नेहमीच्या दुकानातील परतलेल्या भाजीत मात्र डुकराची चरबी किंवा वाळवलेली कोळंबी असू शकते, त्यामुळे विचारून घेणे इष्ट.