मिठाच्या पुडीत पोटॅशियम कसं आलं

जानेवारी २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांना सुचवलं: मीठ कमीच खा, आणि जे घालाल ते साध्याऐवजी पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचं घाला.

पोटॅशियमची ओळख मात्र चुलीच्या राखेतली. लाकडाची राख पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी आटवलं की तळाशी क्षार उरतो, तो पोटॅश. १८०७ साली लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून) वीज सोडून पोटॅशियम हा धातू वेगळा काढला. शरीरात त्याचं काम काय, हे १८८०च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगरच्या प्रयोगांतून दिसू लागलं. बेडकाचं हृदय नुसत्या कॅल्शियमवर आकसतं, पण नीट सैल पडत नाही. थोडं पोटॅशियम घातलं की ठोका सुधारतो, जास्त झालं की हृदय थांबतं. गुण आणि धोका एकाच प्रयोगात!

मिठाला पर्याय शोधताना अमेरिकेत भलताच घोळ झाला. हृदयरोग्यांसाठी लिथियम क्लोराइड विकलं गेलं. विषबाधेने माणसं दगावली आणि १९४९मध्ये ते बाजारातून काढावं लागलं.

पोटॅशियम मिठाचा भक्कम पुरावा २०२१मध्ये चीनमधून आला. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं, जवळपास पाच वर्षं. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण दिलं. तिथे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पोटॅशियम क्लोराइडची चव कडवट, त्यामुळे ते फार वाढवता येत नाही.

दिवसाला ५ ग्रॅम असं मीठ म्हणजे सोडियम १,९७०वरून सुमारे १,४७५ मिलिग्रॅम, आणि पोटॅशियम ६५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन केळ्यांइतकं. रोजची गरज ३,५०० मिलिग्रॅम. बाकीचं डाळी, पालेभाज्या, फळांतूनच यायला हवं. ‘हे चांगलं मीठ’ म्हणून चमचाभर जास्त घातलं, किंवा लोणचं-पापड-फरसाण तसंच चालू ठेवलं, तर फायदा तिथेच संपतो.

मूत्रपिंडं कमजोर असतील, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या, शरीरात पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असतं; फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णांसाठी बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि पाणी फेकून देतात; त्यात विरघळलेलं बरंचसं पोटॅशियम निघून जातं. राखेतून पोटॅश निघतो तो याच विरघळण्यामुळे.