व्यक्ती ओळखा (खेळ)

एकाने प्रसिद्ध किंवा ऐतिहासिक व्यक्तीचे नाव मनात धरायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून किंवा मिळालेल्या क्लूंवरून ते ओळखायचे, असा हा बैठा खेळ. ‘ओळखा पाहू मी कोण’, ‘मी कोण?’, ‘वीस प्रश्न’ अशा नावांनीही तो खेळतात. पट, फासे, सोंगट्या काही लागत नाही. फार तर कागद आणि पेन्सिल. दोघे असले तरी खेळ होतो, वीस असले तरी होतो.

त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. एका तऱ्हेत नाव धरणारा प्रत्येक प्रश्नाला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. दुसरीत तोच एकेक क्लू देत जातो, आधी अवघड, मग सोपा. जितक्या लवकर ओळखाल तितके गुण जास्त. तिसरी तऱ्हा उलटी आहे. नावाची चिठ्ठी खेळाडूच्या कपाळावर चिकटवतात, ती सगळ्यांना दिसते आणि त्याला एकट्यालाच दिसत नाही. आपण कोण आहोत हे त्याने इतरांना विचारून शोधायचे.

प्रश्न वीसच का, याला गणिताचा आधार आहे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता बरोबर निम्म्या झाल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून एक नाव निवडता येते. चोवीस चेहऱ्यांच्या पटावरचा ‘गेस हू?’ हा खेळ १९७९ मध्ये बाजारात आला. तिथे याच हिशेबाने पाच नेमके प्रश्न पुरतात. नवशिका खेळाडू मात्र दुसऱ्याच प्रश्नाला ‘नेपोलियन का?’ म्हणून मोकळा होतो. उत्तर ‘नाही’ आले, तर लाखो नावांतले एक नाव कमी झाले आणि एक प्रश्न वाया गेला. कसलेला खेळाडू आधी हयात आहे का, स्त्री आहे का, हे विचारतो आणि मग काळाकडे वळतो. ‘जन्म १८०० नंतरचा?’, ‘१९०० नंतरचा?’ असे विचारत गेले की तीन-चार प्रश्नांत शतक हाती लागते. व्यवसाय, देश, धर्म यांच्या सीमा धूसर असतात. जन्मसाल बहुधा तसे नसते, म्हणून या खेळात काळासारखी धारदार सुरी नाही.

‘बॉटिचेली’ नावाचा प्रकार जरा वरच्या पायरीचा आहे. निवडलेली व्यक्ती निदान सांद्रो बॉटिचेली या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराइतकी तरी प्रसिद्ध असावी, या अटीवरून हे नाव पडले. धरणारा फक्त आद्याक्षर सांगतो, समजा ‘न’. समोरचा विचारतो, “गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारे तुम्हीच का?” धरणाऱ्याने ओळखून म्हणायचे, “नाही, मी न्यूटन नाही.” पुढचा प्रश्न, “लघुगणकाचा शोध लावणारे?” इथे जॉन नेपिअर आठवला नाही, तर विचारणाऱ्याला एक थेट ‘हो-नाही’चा प्रश्न मिळतो. म्हणजे इथे दोन्ही बाजूंची परीक्षा होते.

रेडिओ आणि दूरचित्रवाणीने हा खेळ घरोघर नेला. अमेरिकेत ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ हा रेडिओ कार्यक्रम १९४६ मध्ये सुरू झाला. १९५० ते १९६७ या काळात चाललेल्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात डोळ्यांवर पट्टी बांधलेले परीक्षक प्रसिद्ध पाहुण्याला ओळखत, तर पाहुणा आवाज बदलून उत्तरे देई. १९५७ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली पाहुणा म्हणून आला आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत गेला. शेवटी सूत्रसंचालकाला मध्ये पडावे लागले. पुढे संगणकही या खेळात उतरला. २००७ मध्ये आलेला ‘अकिनेटर’ हा फ्रेंच कार्यक्रम स्वतः प्रश्न विचारून आपल्या मनातली व्यक्ती ओळखतो आणि ‘माहीत नाही’, ‘बहुधा’ अशी उत्तरेही चालवून घेतो.

हंगेरीत या खेळाला ‘बारकोखबा’ म्हणतात. रोमनांविरुद्ध इ. स. १३२ मध्ये उठाव करणारा ज्यू नेता बार कोखबा याच्याशी एक दंतकथा जोडलेली आहे. शत्रूने जीभ आणि हात कापलेला एक माणूस त्याच्यापुढे आला. त्याला बोलता येत नव्हते, लिहिता येत नव्हते. मान तेवढी हलवता येत होती. बार कोखबाने हो-नाहीचे प्रश्न विचारून त्याच्याकडून सगळी माहिती काढून घेतली.

खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा उत्तरांमुळे. प्रश्न कितीही नेमके असले, तरी धरणाऱ्याला ती व्यक्ती नीट माहीत नसेल तर सगळी फळी भलत्याच वाटेला लागते. फारसी कवी उमर खय्यामचे उदाहरण घ्या. धरणाऱ्याला त्याच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविताच ठाऊक असतील, तर ‘गणिती होता का?’ या प्रश्नावर तो बेधडक ‘नाही’ म्हणेल. प्रत्यक्षात खय्यामने घन समीकरणांवर मोठे काम केले होते आणि तो खगोलज्ञही होता. मुद्दाम सांगितलेले खोटे गणितात तरी हाताळता येते. दहा लाखांपर्यंतची एक संख्या ओळखायला एरवी वीस प्रश्न लागतात. उत्तर देणाऱ्याला एकदाच खोटे बोलायची मुभा दिली, तर पंचवीस लागतात. गणितज्ञ स्टॅनिस्लाव्ह उलाम यांनी मांडलेला हा प्रश्न १९८७ मध्ये सुटला. अज्ञानातून आलेल्या चुकीला असा हिशेब लागत नाही. म्हणून आपल्याला ज्याची चार वाक्येच माहीत आहेत, असे नाव धरू नये.

देशाचा प्रश्न तर हमखास भांडण लावतो. ‘जन्म भारतात झाला का?’ असे विचारले आणि मनात भगतसिंग असतील, तर काय सांगणार? १९०७ मध्ये ते जन्मले ते बंगा गाव तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होते, आज पाकिस्तानात आहे. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट १७२४ मध्ये प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला जन्मला. ते शहर आज रशियाचे कालिनिनग्राद आहे. तेव्हाचा देश धरायचा की आजचा, हे डाव मांडण्याआधी ठरवावे. उत्तर खरोखरच दुपेडी असेल, तेव्हा ‘दोन्ही’ म्हणायची मुभा असावी. ‘नाही’ म्हणून वेळ मारून नेणे ही लबाडीच.

क्लू देण्याच्या तऱ्हेत सारी कला क्रमात असते. समजा, नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे आहे. हाती दिवा पहिल्याच क्लूमध्ये दिला, तर खेळ तिथेच संपतो. चांगला डाव असा चालेल :

“मी ज्या शहरात जन्मले, त्याचेच नाव मला दिले.”
“मृत्यूंचे आकडे मी वर्तुळाकार आलेखात मांडले.”
“संख्याशास्त्रज्ञांच्या लंडनमधल्या संस्थेची मी पहिली महिला सदस्य.”
“१८५४ मध्ये मी युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानला गेले.”

चौथ्या क्लूला बहुतेकांची ट्यूब पेटते आणि दिव्यापर्यंत जावेच लागत नाही. पहिले तीनही क्लू खरे आहेत, पण पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत ते नसतात. आधीच्या क्लूंना नुसते ‘मी थोर कार्य केले’ असे मोघम बोलणारा खेळ लांबवतो, बाकी काही नाही.

नाव उघड झाल्यावर सगळे क्लू पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायची पद्धत जपावी. तेव्हाच कुणीतरी विचारते, मग तिच्या बहिणीचे नाव काय होते? ती नेपल्सला जन्मली, म्हणून त्या जागी पूर्वी असलेल्या ग्रीक वसाहतीवरून तिचे नाव ठेवले : पार्थेनोपी.