मोडीतलं सोनं कितपत स्वच्छ?

नाशिकच्या सराफ बाजारातला कारागीर काम संपल्यावर हात बादलीत धुतो, पण ते पाणी ओतून देत नाही. कानशीचा कीस, बसायच्या जागेखालची धूळ, पॉलिशच्या कापडाची राख, सगळं साठवून ठेवतो. तरीही थोडं निसटतंच, आणि त्यासाठी झारेकरी असतात. सराफ गल्लीतली झाडलोट नि गटारातला गाळ धुऊन त्यातलं सोनं काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. ‘सस्टेनेबल’ दागिन्यांच्या जाहिराती आत्ता आत्ता आल्या. सोन्याचा कण वाया जाऊ न देण्याचं शास्त्र अशा गल्ल्यांत जुनंच आहे.

झारेकऱ्यांच्या घमेल्यातलं भौतिकशास्त्र मजेशीर आहे. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड, तर वाळू साधारण 2.65 पट. म्हणजे हवेत सोन्याचा कण तेवढ्याच वाळूच्या कणापेक्षा सातपट भरतो. पाण्यात बुडवलं की दोघांच्याही वजनातून पाण्याचा आधार वजा होतो आणि तफावत अकरापटीवर जाते. घमेलं हिंदकळलं की वाळू वर, सोनं तळाला. अडचण होते ती पिठासारख्या बारीक कणांची. त्यांना तेलकटपणा लागलेला असला तर ते पृष्ठताणामुळे चक्क पाण्यावर तरंगतात आणि वाळूबरोबर वाहून जातात. ते पकडण्याचा जुना उपाय म्हणजे पारा. पारा सोन्याला धरतो. मग तो गोळा तापवायचा. 357 अंश सेल्सिअसला पारा उकळून उडून जातो, सोनं मागे राहतं. उडालेला पारा मात्र शेजारी बसलेल्याच्या फुप्फुसात जातो. माणसामुळे हवेत मिसळणाऱ्या पाऱ्याचा जगातला सर्वांत मोठा वाटा याच रीतीनं चालणाऱ्या छोट्या सोनेखाणींचा आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात त्यांच्यासाठी वेगळं कलमच आहे.

खाणीपेक्षा मोडीचं, म्हणजे जुने दागिने आटवून मिळालेलं सोनं बरं, यात वाद नाही. टनामागे दोन ग्रॅम सोनं असलेला दगडही आज खाणीतून काढणं परवडतं. त्या हिशेबानं एका तोळ्यासाठी, म्हणजे दहा ग्रॅमसाठी, पाच टन दगड दळायचा आणि बहुतेक ठिकाणी तो सायनाइडच्या द्रावणानं धुवायचा. आजीच्या पाटल्या आटवून बांगड्या केल्या तर हे सगळं टळतं. पण ‘मोडीतलं म्हणजे स्वच्छ’ एवढ्यावर थांबणं मला पटत नाही.

मोड जाते गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करणाऱ्याकडे. देशभरच्या सराफ बाजारांत या धंद्यात सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची मंडळी भेटतात. सोनं तसंच नायट्रिक आम्लात टाकलं तर आतली चांदी नि तांबं सोन्याच्या आडोशाला सुरक्षित राहतं. म्हणून आधी मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, जास्तीची चांदी मिसळून सोन्याचं प्रमाण पाव हिश्श्यावर आणतात. मग आम्ल आतपर्यंत शिरतं, बाकीचे धातू विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच सोनं. वर येणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत मिळते आणि उरतं निळं पाणी, म्हणजे कॉपर नायट्रेट. माशांना ते विषारी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरी सराफ बाजाराच्या दाराशी येते, हे नाशिककरांना सांगायला नको. अशा ठिकाणी गटारात ओतलेलं काहीही नदीतच जाणार. वास्तविक उपाय स्वस्त आहे: त्या पाण्यात भंगार लोखंड टाकलं की तांबं त्यावर जमतं, मग उरलेलं आम्ल चुन्यानं मारायचं.

सगळ्यांत कपटी गोष्ट मात्र दागिन्याच्या सांध्यात असते. सांधा जोडणारा मिश्रधातू दागिन्याच्या आधी वितळायला हवा, नाहीतर दागिनाच वितळेल. पूर्वी त्यासाठी तांबं सढळ हातानं घालत, त्यामुळे मोडीत घट यायची, म्हणजे सोनं कमी भरायचं. मग कॅडमियम आलं. 92 टक्के सोनं आणि 8 टक्के कॅडमियम, म्हणजे घट नाही आणि सांधाही सुबक. कॅडमियमवरून पडलेलं ‘केडीएम’ हे नाव जणू शुद्धतेची खूण झालं. पण कॅडमियम 767 अंशांना उकळतं आणि शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं. म्हणजे जोडताना फुंकणी मारणारा आणि पुढे कधीतरी तो दागिना आटवणारा, दोघंही कॅडमियमचा धूर ओढतात. मूत्रपिंड आणि फुप्फुसं निकामी करणारा, कर्करोगाला कारण ठरणारा हा धातू. हॉलमार्कच्या सोन्यात आता त्याला मनाई आहे, पण कपाटातले जुने केडीएम हार अजून मोडीत येतातच. ज्यानं तो सांधा ठरवला तो कारागीर कदाचित निवृत्त झाला असेल. धूर दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला येतो.

म्हणूनच दागिन्याचं डिझाइन करतानाच तो पुढे मोडायचा कसा याचा विचार हवा. आपली मोत्यांची नथ बघा: सोन्याच्या तारेत मोती ओवलेले, तार सोडली की मोती जसेच्या तसे हातात. उलट गोंदानं चिकटवलेले खडे काढताना फुटतात आणि राहिलेला गोंद मुशीत जळतो. सोन्याच्या बारीक दातांनी धरलेला खडा, लेझरनं जोडलेला किंवा झिंक-इंडियमचा सांधा आणि सगळीकडे एकाच कॅरटचं सोनं, एवढं केलं तरी आम्लाचं बरंच काम वाचतं.

एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. त्यावरून शुद्धता कळते. सोनं खाणीतून आलं की मोडीतून, हे नाही. ते सराफालाच विचारावं लागेल. सोबत हेही विचारा: सांधा कशानं जोडलाय, आणि खडे न फुटता निघतील का? पेढीवरचा माणूस आधी जरा गोंधळेल, मग आतल्या कारागिराला हाक मारेल.